पी हळद नि हो गोरी

उतावळेपणासाठी आपल्या वाडवडिलांनी एक चपखल म्हण करून ठेवली आहे : पी हळद नि हो गोरी. हीच म्हण आज परभणी शहरात नव्या शब्दांत जागोजागी चिकटवलेली दिसते. वसमत रोडवर, जिंतूर रोडवर, बसस्थानकाजवळच्या विजेच्या खांबांवर एक कागद असतो : ‘महिन्यात दहा किलो वजन घटवा. खात्रीशीर.’ खाली मोबाइलचा क्रमांक. गंगाखेड, सेलू, पूर्णा या तालुक्यांच्या गावीही हा कागद आता पोहोचला आहे. कोणी डबाबंद भुकटी विकतो, कोणी काढा विकतो, कोणी सकाळच्या ‘क्लब’चे सदस्यत्व विकतो. माल निरनिराळा, वचन मात्र एकच, आणि ते वचन खोटे आहे.

खोटे हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरीत आहोत. ‘अतिशयोक्त’, ‘थोडे वाढवून सांगितलेले’ असे गुळमुळीत शब्द येथे उपयोगाचे नाहीत. या वचनापायी आमच्या धर्मग्रामांतील कुटुंबे महिन्याच्या पगारातून हजारो रुपये मोजतात. लग्न ठरलेल्या मुली दोन-दोन महिने अर्धपोटी राहतात. मधुमेहाची गोळी घेणारे गृहस्थ गोळी तशीच चालू ठेवून जेवण सोडतात आणि घाम फुटून, डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसतात. पैसा पुन्हा मिळवता येतो. परंतु चार वेळा वजन उतरवून पाच वेळा वाढवून बसलेल्या माणसाचा स्वतःवरचा विश्वास उडतो, तो सहजी परत मिळत नाही. ‘माझ्यातच इच्छाशक्ती नाही’ असे तो म्हणू लागतो. वचन देणारा खोटा होता, हे त्याच्या मनातही येत नाही. आमचा रोख या अन्यायावर आहे.

प्रथम गणित मांडू. सातवीतल्या मुलालाही ते करता येईल. शरीरातील एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठवलेल्या असतात. दहा किलोंच्या झाल्या ७७,०००. तीस दिवसांत त्या जाळायच्या तर दररोज अडीच हजारांहून अधिक कॅलरींची तूट पडली पाहिजे. आता खर्चाची बाजू पाहा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या तक्त्यानुसार बैठे काम करणाऱ्या ५५ किलो वजनाच्या स्त्रीची रोजची गरज १,६६० कॅलरी आहे, तर ६५ किलो वजनाच्या पुरुषाची २,११०. देह स्थूल असेल तर खर्च काहीसा वाढतो, हे मान्य. तरीही हिशेब जुळत नाही. अशा स्त्रीने महिनाभर पाण्याखेरीज काहीही तोंडात घातले नाही, तरी तिची दहा किलो चरबी जाणार नाही. जे संपूर्ण उपाशी राहूनही साधत नाही, ते दोन चमचे भुकटीने कसे साधावे?

मग काट्यावर उतरलेले किलो कोणते? यकृतात आणि स्नायूंत साखरेचा एक राखीव साठा असतो, साधारण अर्धा किलोच्या आसपास. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. जेवण एकाएकी तोडले की पहिल्या आठवड्यातच हा साठा रिता होतो आणि पाणी निघून जाते. काटा दीड-दोन किलो खाली येतो आणि घरात आनंदीआनंद होतो. विक्रेत्याची सारी खात्री या पहिल्या आठवड्यावर उभी असते. त्यापुढे जे उतरते त्यात चरबीबरोबर स्नायूही असतात. पाणी तर दोन दिवस नेहमीसारखे जेवले की परत येते. शिवाय, आठवड्याला दीड किलोहून अधिक वेगाने वजन उतरले तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. हे त्या कागदावर कोठेही छापलेले नसते.

शरीर हे आपल्या धन्याचे उधळपट्टी करणारे नोकर नव्हे. ते दुष्काळ पाहिलेले काटकसरी कारभारी आहे. मराठवाड्याला हे समजावून सांगण्याची गरज नसावी. १९७२ चा दुष्काळ, खडी फोडण्याची कामे, अमेरिकेतून आलेला लाल मिलो आणि सुकडी ज्यांच्या स्मरणात आहे अशी माणसे आजही आपल्या घरांत आहेत. धान्य कमी पडू लागले की शहाणी गृहिणी मापटे लहान करते आणि पुढच्या सुगीत कणगी आधी भरून घेते. शरीरही तेच करते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ तरुणांवर याची परीक्षा घेतली. सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र धरण्यास नकार दिलेले हे तरुण स्वेच्छेने या प्रयोगात उतरले होते. सहा महिने त्यांना अपुरे अन्न दिले गेले आणि त्यांचे वजन जवळजवळ चतुर्थांशाने उतरले. पण त्यांना स्वप्नेही अन्नाचीच पडू लागली, थंडी सोसवेना, कशातही मन लागेना. प्रयोग संपून अन्न मोकळे झाल्यावर त्यांच्या अंगावर पूर्वीपेक्षाही अधिक चरबी चढली.

अलीकडचे उदाहरण २०१६ सालचे. वजन उतरवण्याच्या एका प्रसिद्ध अमेरिकी दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांची सहा वर्षांनंतर तपासणी झाली. स्पर्धेच्या तीस आठवड्यांत त्यांनी सरासरी ५८ किलो घटवले होते. सहा वर्षांत त्यांपैकी ४१ किलो परत आले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, त्यांच्या आकाराच्या माणसाने विश्रांतीत जितक्या कॅलरी खर्चाव्या, त्यापेक्षा सुमारे ५०० कॅलरी त्यांचे शरीर रोज कमी खर्चीत होते. सहा वर्षे लोटली तरी कारभाऱ्याने हात सैल सोडला नव्हता. या माणसांना ‘इच्छाशक्ती नाही’ असे कोण म्हणेल?

येथे एक आक्षेप येईल, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ‘मग हळूहळू उतरवलेले वजन टिकते काय?’ ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे हेच तपासले गेले आणि २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. एका गटाने बारा आठवड्यांत आणि दुसऱ्याने छत्तीस आठवड्यांत सुमारे १५ टक्के वजन घटवावे, असे ठरले होते. जलद गटातील अधिक जणांनी लक्ष्य गाठले. मात्र पुढील तीन वर्षांत दोन्ही गटांचे उतरलेले वजन जवळपास सारख्याच प्रमाणात, म्हणजे सुमारे ७१ टक्के, परत आले. तेव्हा मंदगती हा काही मंत्र नव्हे, हे कबूल केलेच पाहिजे. परंतु दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. हा जलद गटही जाणकारांच्या देखरेखीखाली होता, आणि शंभर किलोच्या माणसाला त्याचा वेग महिन्याला पाच किलो पडतो, म्हणजे खांबावरच्या कागदाच्या निम्मा. दुसरी गोष्ट अधिक मोलाची. वजन किती दिवसांत गेले यावर काही ठरत नाही. गेल्यानंतर ताटात काय येते आणि पाय किती चालतात, यावर सारे ठरते. आमचा आग्रह संथपणाचा आहे तो याचसाठी, की जन्मभर पाळता येईल अशी राहणी संथच असते. जी राहणी तीन महिन्यांनी सोडायची, तिचे फळही तीन महिन्यांचेच.

आपल्या महाराष्ट्रात हा विषय घराघरांत पोहोचला तो २०१८ च्या सुमारास. कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला दिवसातून दोनच वेळा जेवण्याचा विचार डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगावी व्याख्याने देऊन लोकांपुढे नेला. आपल्या शेजारच्या लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले आहे. दुसरीकडे मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोडे थोडे, वेळच्या वेळी आणि घरचेच खाण्याचा पुरस्कार करीत होत्या. मग लग्नाच्या पंगतीत, एस. टी. च्या प्रवासात, फार काय मिस्सेनंतर चर्चच्या आवारातही ‘दोनदा की सहादा?’ हा वाद रंगू लागला. या दोघांनीही लोकांना भुकटीच्या डब्याकडे पाठवले नाही, ही त्यांची मोठी सेवा आहे, आणि डॉ. दीक्षितांनी तर ही मोहीम विनामूल्य चालवली. तथापि त्या मोहिमेच्या एका शब्दाशी आमचे भांडण आहे. तो शब्द म्हणजे ‘विनासायास’. विनासायास वेटलॉस! आयासाशिवाय वजन उतरत नाही, आणि उतरले तर टिकत नाही. दोनदा जेवणे ज्याला वर्षानुवर्षे मानवते त्याने खुशाल दोनदा जेवावे. पण त्यातही संयम आहे, आयास आहे. तो आयास नाही असे सांगितले की माणूस पहिल्या कठीण आठवड्यात स्वतःलाच दोषी ठरवून मोकळा होतो. लोकांनीही या वादात वेळांची मोजणी केली. ‘हे मी दहा वर्षे करू शकेन काय?’ हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

आता तर आठवड्याला एक टोचून घेण्याची औषधे आली आहेत. २०२५ साली ती भारतात विक्रीस आली आणि मोठ्या शहरांपाठोपाठ जिल्ह्यांच्या गावीही त्यांची चर्चा पोहोचली. या औषधांना आम्ही नावे ठेवणार नाही. ज्यांना खरी गरज आहे त्यांनी योग्य डॉक्टरांच्या सल्ल्याने ती अवश्य घ्यावीत. रोगावर औषध घेण्यात कोणतीही लाज नाही. आमचे म्हणणे वेगाबद्दल आहे. यांपैकी सेमाग्लुटाइड या औषधाची मोठी चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. त्यात सहभागी माणसांचे वजन सरासरी १५ किलोंच्या आसपास घटले. मात्र त्याला ६८ आठवडे, म्हणजे पंधरा महिन्यांहून अधिक काळ लागला. जगातील नामांकित प्रयोगशाळांनी अब्जावधी रुपये ओतून तयार केलेले औषध महिन्याला सरासरी एक किलो उतरवते, आणि खांबावरचा कागद दहा किलो म्हणतो! औषध थांबल्यानंतर वर्षभरात घटलेल्या वजनाचे दोन-तृतीयांश परत आले, हेही त्याच चाचणीच्या पुढील भागात दिसून आले. सुईदेखील कारभाऱ्याला कायमचे फसवू शकत नाही.

तर मग अपेक्षा किती ठेवावी? वैद्यकशास्त्राचे उत्तर साधे आहे : आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक किलो, आणि तेही आरंभीच्या महिन्यांत. सहा महिन्यांत मूळ वजनाच्या पाच ते दहा टक्के उतरले तर ते उत्तम यश समजावे. सत्तर किलोच्या बाईंसाठी हा आकडा साडेतीन ते सात किलोंचा होतो.

घरच्या हिशेबात पाहू. दिवसाला पाच कप चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर, म्हणजे २०० कॅलरी. भाजीत आणि फोडणीत माणशी दोन चमचे तेल कमी केले तर आणखी सुमारे ९० वाचतात. म्हणजे कोणतीही भुकटी न घेता, ज्वारीची भाकरी न सोडता, रोज जवळपास ३०० कॅलरींची बचत झाली. आरंभी याने महिन्याला सुमारे एक किलो उतरेल. पुढे वेग मंदावेल, कारण लहान झालेल्या देहाचा खर्चही कमी होतो. अमेरिकेतील केविन हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली मांडलेल्या हिशेबाप्रमाणे असा बदल कायम ठेवला तर एकूण घट बारा किलोंच्या घरात जाते. पण तिचा अर्धा भाग पदरात पडायला एक वर्ष लागते आणि जवळजवळ सर्व पडायला तीन वर्षे. तीन वर्षे! रब्बीची ज्वारी पेरल्यावर पंधराव्या दिवशी कणीस का नाही म्हणून विचारणारा शेतकरी परभणी जिल्ह्यात सापडणार नाही. पिकाला जो धीर आपण देतो तो स्वतःच्या देहाला का देत नाही?

वाटेत भूकही वाढते, हे आधीच सांगून ठेवलेले बरे. घटलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा रोजचा खर्च २० ते ३० कॅलरींनी कमी होतो, पण भूक सुमारे १०० कॅलरींनी वाढते, असे त्याच संशोधकांना पुढे आढळले. म्हणून आठव्या-नवव्या महिन्यात काटा अडला, तर तो आपला नैतिक पराभव नव्हे. तो देहाचा धर्म आहे. तेथे थांबून मिळवलेले राखणे हेदेखील मोठे कार्य आहे.

कोणी म्हणेल, ‘तीन वर्षांत पाच-सहा किलो? एवढ्याने काय होणार?’ पुष्कळ होते. २००२ साली अमेरिकेत तीन हजारांहून अधिक माणसांवर झालेल्या अभ्यासात सरासरी ५.६ किलो वजन घटवून आणि नियमित चालून मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. आपल्या देशातील पुरावा तर अधिक धीर देणारा आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहार आणि चालणे सुधारलेल्यांमध्ये मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. आणि त्यांच्या वजनात म्हणण्यासारखी घटही झाली नव्हती! काटा हलला नाही, तरी देह सुधारला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलेली गोष्टही येथे सांगितली पाहिजे. २००४ साली त्यांनी व त्यांच्या एका ब्रिटिश सहकाऱ्याने स्वतःचेच उदाहरण पुढे ठेवले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. पण ब्रिटिश डॉक्टरांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर आपल्या पुणेकर डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ असलेला भारतीय माणूस आत चरबी बाळगून असतो. तेव्हा ज्याचा काटा ठीक आहे त्याने निश्चिंत राहू नये, आणि ज्याचा काटा हळू उतरतो त्याने निराश होऊ नये. पोटाला सुतळी लावून घेर मोजावा. पुरुषाचा ९० आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा.

आता थोडे आपल्या माणसांविषयी. ‘खात्यापित्या घरचा’ हे आपल्याकडे अजूनही कौतुकाचे शब्द आहेत, आणि त्याच तोंडाने आपण मुलीला ‘जाड दिसतेस, कोण करील तुला?’ असे म्हणतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील २४ टक्के स्त्रिया प्रमाणाहून अधिक वजनाच्या किंवा स्थूल आढळल्या आणि १८.७ टक्के स्त्रिया प्रमाणाहून कृश. एकाच गल्लीत दोन्ही असतात. घरातील आई सर्वांच्या मागून जेवते, उरलेले वाया जाऊ नये म्हणून पोटात ढकलते, आणि तिच्याच वजनावर सर्वांची टीका! तिने फिरायला जावे असे वाटत असेल तर तेवढा अर्धा तास घरच्या पुरुषांनी भांडी विसळावीत. साखर आणि तेल कमी करायचे तर ते सबंध घराने करावे. एकट्या सुनेच्या ताटावर पहारा ठेवून हे साधत नाही.

उपवासकाळाविषयीही दोन शब्द. भस्मबुधवार जवळ आला की काही भाविक, विशेषतः तरुण, आम्हांला विचारतात, ‘फादर, यंदा चाळीस दिवसांत आठ किलो उतरतील ना?’ उपवास हा देवाकडे वळण्यासाठी आणि आपल्या घासातला घास भुकेल्याला देण्यासाठी असतो. त्याला वजनकाट्याच्या दावणीला बांधले की उपवासही जातो आणि ईस्टरच्या पंगतीत वजनही परत येते. संत इग्नेशियस लोयोला यांनी मान्रेसा येथे तारुण्याच्या आवेशात कठोर उपास करून आपली प्रकृती कायमची बिघडवून घेतली होती. म्हणूनच पुढे संत फ्रान्सिस बोर्जा यांना लिहिताना त्यांनी उपास आवरते घेण्याचा आणि देह सांभाळण्याचा सल्ला दिला. आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात त्यांनी जेवणाविषयी जे नियम दिले, त्यांतील एक आजच्या कोणत्याही आहारतज्ज्ञाने उचलावा असा आहे : पुढच्या जेवणात किती खायचे हे भूक नसताना, म्हणजे आधीचे जेवण झाल्यावरच, ठरवून ठेवावे. त्यात ना भुकटी आहे ना खर्च. सद्गुण हा सवयीने अंगी मुरतो, एका उडीत हाती येत नाही, असे आम्हांला सेमिनरीत शिकवले गेले. ते ताटालाही लागू आहे.

म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. चर्चच्या आवारात, महिला मंडळाच्या सभेत, युवक मेळाव्यात ‘दहा किलो’वाल्यांना बोलायला उभे करू नये, तो विक्रेता आपला नातलग असला तरी करू नये. लग्न ठरलेल्या मुलीला वजनाची मुदत घालून देऊ नये. कोणी बारीक झालेला दिसला की ‘किती उतरले?’ असे विचारण्याऐवजी ‘बरे वाटते ना?’ असे विचारावे. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण सोडू नये. आणि कोणीही नवा उपाय घेऊन दारात आला तर त्याला एकच प्रश्न करावा : ‘तुमच्याकडे तीन वर्षांपूर्वी वजन उतरवलेली माणसे आज कशी आहेत, ते दाखवा.’ महिन्यापूर्वीची माणसे तो दहा दाखवील. तीन वर्षांपूर्वीची दाखवता आली नाहीत, तर त्याला एक कप बिनसाखरेचा चहा पाजून आदराने निरोप द्यावा.